महेशच्या स्थळाची चौकशी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर शेजारी आप्पांच्या घरी पुन्हा पाय ठेवायला तिला जड गेलं असतं.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. मेळ लागल्याशिवाय उठत नाही. हा माणूस खोटं बोलत नाही, असं गल्लीत म्हणतात. ते बरोबर आहे. त्याच जोरावर मी हे केलं.

आप्पांचा महेश सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर कुणाची तरी मोटरसायकल पळवताना सापडला. बेळगावला बाल न्याय मंडळापुढं जायचं होतं. कागद कानडीत. आप्पांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून दर तारखेला मी बरोबर. मंडळानं समज देऊन प्रकरण मिटवलं. मीच आप्पांना समजावलं — मुदत गेली की कागद नष्ट होणार, मुलाला पुढं कुठंही याची आडकाठी येता कामा नये, कुणी बाहेर बोलायचं नाही. त्या ‘कुणी’त मी नव्हतो का?

महेश मोठा झाला, कारखान्यात लागला. मी माझ्या भाचीसाठी शब्द टाकला. पत्रिका जुळत नाही, आप्पा म्हणाले. मुलगी सावळी म्हणून नको होती, हे दुसरीकडून कळलं. मी गप्प राहिलो, पण मनात धरून बसलो. हे आधीच सांगतो — नाहीतर पुढचं तोंडून निसटलं असं वाटेल. निसटलं नव्हतं.

वडगावचं स्थळ आलं. आपल्याकडं सुपारी फुटण्याआधी शेजाऱ्यांकडं चौकशी होतेच. मुलीचे मामा माझ्याकडं आले. मुलगा चांगला आहे, मी म्हणालो. व्यसन नाही. आणि मग — “ते कोर्टाचं लहानपणीचं. केव्हाच मिटलंय.”

“कसलं कोर्ट वो?” मामांनी कप खाली ठेवला.

मी सांगितलं. पदरचं काही घातलं नाही. वर, तुम्ही ते मनावर घेऊ नका, असंही म्हणालो. ते घेणार, हे मला माहीत नव्हतं?

स्थळ मोडलं. आप्पा माझ्याकडंच आले.

“कुनी सांगितलं आसंल रं सुरेश?”

“बेळगावच्या कचेरीतनं फुटलं असेल,” मी म्हणालो. खोटं न बोलणारा मी.

आप्पा कामाचा खाडा करून बेळगावला गेले. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्या दारात.

“तिथं कागुदच न्हाय म्हनत्यात. कवाच नष्ट केलाय.” उंबऱ्यावर टेकले. “मग घरच्यास्नी ठावं, आनि तुला. तू तर घरचाच.”

त्यांना संशय आला होता का? मला आजही सांगता येत नाही. मी पाणी आणून दिलं. एवढंच.

महेशनं नंतर वर्षभर कुणाला स्थळाचं बोलू दिलं नाही. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलायचा — काका, जेवलासा का?

पुढं खानापूरकडची माणसं त्याला बघायला आली. आप्पांनीच त्यांना माझ्या घरी आणलं. “हेला इचारा. ह्यो खोटं बोलायचा न्हाय,” म्हणाले आणि बाहेर जाऊन थांबले.

मुलगा चांगला आहे, मी म्हणालो. आणि थांबलो.

तेवढंच म्हणून थांबणं मला पहिल्या वेळीही जमलं असतं.