पहिल्याच प्रश्नाशी थांबणारी

एका मोठ्या कंपनीच्या भरती विभागात एक बाई एकोणीस वर्षं मुलाखतीच्या खोलीबाहेर बसायच्या. हातात यादी असायची. आतला उमेदवार बाहेर आला की "पुढचे!" म्हणायचं, एवढंच काम. म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना पुढचेबाई म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. छाती काढून आत गेलेला माणूस कसा चोळामोळा होऊन बाहेर येतो, ते त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. आत काय घडतं ते मात्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

विभाग बंद झाला तेव्हा बाईंनी धाकट्या बहिणीला गाठलं. ती शाळेत संगणक शिकवायची. "मुलाखतीची तालीम करून घेईल असं काहीतरी बनव," बाई म्हणाल्या, "प्रश्न मी देते." दोन वर्षं दोघी जेवणाच्या टेबलाशी खपल्या. मोबाइलमधला आवाज प्रश्न विचारायचा, माणसानं बोलून उत्तर द्यायचं, शेवटी दहापैकी गुण. सुरुवातीला लोक आले तसे ओसरलेही. उरले अकरा.

"ताई, पुरे आता," एका रविवारी धाकटी म्हणाली. "अकरा माणसांसाठी किती डोळे फोडून घेऊ? हौस होती, फिटली."

"आठ दिवस दे. बंद करायचंच तर निदान कोण येतं ते तरी बघते."

"बघून काय होणार?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू?"

नोंदींत उत्तरं नव्हती, कोण कधी आलं आणि कुठवर गेलं एवढंच होतं. दहाजणांचं सरळ होतं. अकराव्या व्यक्तीनं नाव घातलं होतं 'इस्त्री'. ही इस्त्री सदतीस वेळा आली होती. दर वेळी पहिला प्रश्न ऐकायची, "स्वतःबद्दल सांगा," आणि बंद करायची. उत्तर एकदाही नाही.

बाईंना चैन पडेना. त्यांनी निरोप टाकला: "तुम्ही पुढे का जात नाही? रागानं नाही, उत्सुकतेनं विचारतेय." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एक पत्ता, आणि खाली, "गुरुवारी येऊन बघा."

तो पत्ता एका इस्पितळाच्या धुलाईखान्याचा होता. आत वाफ, ओल्या सुताचा वास आणि चादरींचे कमरेएवढे ढीग. इस्त्री विभागाची मुख्य पदराला हात पुसत पुढे आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई.

"मला नोकरी नकोय हो," ती हसत म्हणाली. "मला दोन माणसं निवडायचीत. मी इथे लागले तेव्हा कुणी काही विचारलंच नव्हतं, नुसतं 'उद्यापासून या' म्हणाले. म्हटलं, विचारलं की कसं वाटतं ते आधी आपण बघावं. तुमचा तो आवाज 'स्वतःबद्दल सांगा' म्हणतो आणि मी मोबाइल बंद करते. मलाच जमत नाही, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं विचारू?"

"मग आज काय विचारणार?"

"बसा ना. बघा."

पुढचेबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. कामासाठी एक सडपातळ बाई आत आली, पदराशी चाळा करत, नजर जमिनीवर. मुख्य बाईनं खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "इस्त्रीनं हात भाजलाय कधी?"

त्या बाईनं मान वर केली. बाही सारली. मनगटाच्या वर एक फिकट पट्टा होता. तो कसा झाला, त्या दिवशी कुणाचे कपडे होते, मग इस्त्री कुठल्या हातानं उचलायला शिकली, कुठलं कापड पाणी मारल्याशिवाय ऐकत नाही, सगळं सांगत सुटली. वीस मिनिटं झाली तरी थांबेना. उठताना तिनंच विचारलं, "तुम्हाला कुठे भाजलंय?" आणि मुख्य बाईनं अंगठा दाखवला.

पुढचेबाई पायीच घरी गेल्या. एकोणीस वर्षं बाहेर बसून आपण दोष उमेदवारांना देत आलो, हे त्यांना वाटेतच लख्ख दिसलं. घाबरलेला माणूस त्यांना ठाऊक होता. विचारणाऱ्यालाही विचारता येत नसेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"बंद नाही करायचं," त्यांनी धाकटीला सांगितलं. "उलटं करायचं. उत्तरं मोबाइल देईल, प्रश्न निवडणाऱ्या माणसानं विचारायचे. वेडावाकडा प्रश्न विचारला तर मोबाइलमधला उमेदवार गप्प बसेल."

"म्हणजे केलेलं सगळं मोडायचं?"

"गुण तर आधी काढ. ते मला कधीच आवडले नव्हते."

"दोन वर्षांनी सांगतेस!" धाकटी कपाळावर हात मारून घेत म्हणाली. पण मग संगणक पुढे ओढून म्हणाली, "गप्प बसणं करायला सोपं आहे. पण किती वेळ गप्प बसायचं, ते कोण ठरवणार?"

ते करूनच बघायला हवं होतं. तीन महिने, रोज सकाळी एकच तास दोघींनी यावर बसायचं, असं ठरलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं. वापरणारे फार वाढलेत असं नाही. एक गॅरेजवाला आहे, एक पाळणाघर चालवणारी आहे, आणखी वीसेक असतील. धाकटी अजून कुरकुरते. गेल्या आठवड्यात तिनं स्वतः त्या गॅरेजवाल्याला फोन लावला आणि तासभर बोलत बसली. तो म्हणे कामाला येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, "कुठला आवाज ऐकला की गाडी थांबवता?"