टेकाडावरचे काळे मणी

कल्याणच्या कचेरीत मी तेव्हा कारकून होतो. खाडीकाठच्या एका टेकाडाखाली फार जुनी वस्ती गाडली गेली आहे, असं एका गोऱ्या साहेबाचं म्हणणं होतं. त्याच्या खोदकामावर दुभाषा म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी खापरं निघाली, जाड विटांची एक भिंत लागली. साहेब अगदी हरखून गेला. मजूर जवळच्याच आगरी गावातले. ते मात्र मान वर न करता खणत होते. मी एक-दोघांना विचारलं, "काय रे, गप्प का?" एकाने फक्त कुदळ दुसऱ्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एक बाई आली आणि दोरीने आखलेल्या जागेवर सरळ बसली. पंचविशीची असेल.

"भाऊ, माजी पोर हाय हितं," ती मला म्हणाली. "खनू नको."

काम सुरू होण्याआधी जागेची चौकशी मीच करायची होती. मी गावात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. कचेरीत बसून लिहून दिलं होतं, 'जागा पडीक, कोणाच्या वापरात नाही.' तान्ह्या मुलांना जाळत नाहीत, पुरतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण कुठे पुरतात ते विचारायला उन्हातून चालत जायचा मी कंटाळा केला.

"काय म्हणते ती?" साहेबाने विचारलं.

"तिचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब."

साहेबाच्या दोघा शिपायांनी धरून तिला बाजूला नेलं. ती लांब उभी राहून बघत राहिली.

दुपारी दोन हात खोलीवर इवलीशी हाडं लागली. साहेब स्वतः गुडघे टेकून कुंचल्याने माती झाडू लागला. मनगटाशी काळ्या मण्यांचा सर होता.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "प्राचीन दफन. लहान मूल."

मी टाक दौतीत बुडवला. समोरच्या म्हाताऱ्या मजुराने मातीची पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"साहेब, हे जुनं नाही," मी म्हणालो. "ही त्या बाईची मुलगी. मी खोटं बोललो." चौकशी केली नव्हती, तेही सांगून टाकलं.

साहेबाने कुंचला खाली ठेवला. मग त्याने टोपी काढली. "बोलवा तिला."

तिने कोणाला हात लावू दिला नाही. एकेक हाड पदरात घेतलं, मणी घेतले. मी काहीतरी बोलायला गेलो.

"तू नको बोलू," ती म्हणाली.

पुढे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून खोदकाम टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला हललं. मला मात्र हाडं निघाली त्याच दिवशी कचेरीत परत धाडलं होतं. नोकरी राहिली.

घरी आल्यावर मी सगळं बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठून आमच्या सहा महिन्यांच्या मुलीला पाळण्यातून उचललं. मी हात पुढे केले, पण ती मुलीला घेऊन आत गेली.