माझ्यात नसलेलं भूत

एका रविवारी भरल्या मंडळीसमोर माझ्यातलं भूत काढण्यात आलं. डोंगरकड्याजवळच्या आमच्या वस्तीत, निजामाचं राज्य संपायच्या वर्ष-दोन वर्षं आधी. माझ्यात भूत नव्हतं... मी फक्त एका लग्नाला नाही म्हटलं होतं.

नव्वदी कधीच ओलांडली आहे माझी. मी सांगतेय आणि नात टाईप करतेय. मध्येच थांबून माझ्याकडे बघते... लिही गं, थांबू नको.

आम्ही ख्रिस्ती. वस्तीत थोडी घरं आणि मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं प्रार्थनाघर. बाबा तिथे झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे. राहायची खोलीसुद्धा तिथल्या पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनीच दिलेली.

पाळकांचं नाव आसपासच्या गावांत होतं... त्यांना आत्म्यांची पारख आहे, कोणाच्या आत काय आहे ते नुसतं बघून कळतं, असं लोक म्हणायचे. लांबून आजारी लेकरं घेऊन यायचे. मीही मनापासून मानायचे त्यांना.

मग एक दिवस ते आमच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, "प्रभूनं मला दाखवलं. रूथ आमच्या दानीएलची बायको होणार हाय." दानीएल त्यांचा धाकटा भाऊ. त्याची पहिली बायको वारून वर्षही झालं नव्हतं.

बाबा हरखले. आई हरखली नाही... कारण ती आणि मी त्या बायकोबरोबर विहिरीवर पाणी भरायचो. तिच्या दंडावरचे वळ पाहिले होते आम्ही, फुटलेला ओठ पाहिला होता. वस्तीतल्या सगळ्याच बायांनी पाहिला होता.

मी प्रार्थना केली. खरंच केली. वाटलं, प्रभूनं पाळकांना दाखवलं तर मलाही काहीतरी दाखवेल. पण डोळे मिटले की तिचा ओठच दिसायचा... दाखवणं म्हणजे तेच होतं, हे कळायला मला फार काळ लागला.

मी नाही म्हणाले. पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेश मध्येच थांबवला आणि मला पुढे बोलावलं. "ही पोरगी बोलत न्हाई," ते मंडळीला म्हणाले, "हिच्या आतलं बोलून राहिलं."

डोक्यावर हात ठेवला. आधी हलका, मग केस मुठीत. "येशूच्या नावानं सांगतो, सोड हिला!" मान हिसके खात होती आणि मंडळी गात होती... विहिरीवरच्या बाया सगळ्यांत मोठ्यानं.

शेवटी सहन होईना तेव्हा मी किंचाळून खाली पडले. मुद्दाम. भूत निघताना लोक कसे पडतात ते लहानपणापासून पाहत आले होते.

"गेलं!" पाळक म्हणाले. हालेलूयाचा गजर झाला, बाबा रडायला लागले. ज्यांना सगळ्यांच्या आतलं दिसायचं, त्यांना माझं सोंग दिसलं नाही... जमिनीवर पडल्या पडल्या माझ्या आत काहीतरी विझलं. ते पुन्हा कधी नीट पेटलं नाही.

"आता बोल लेकरा, कबूल हाय?" पाळकांनी विचारलं.

मी उठून बसले. "भूत गेलं म्हणता न्हवं? मंग आता मीच बोलून राहिले. न्हाई."

त्यांनी मला पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाले, "गेलं न्हाई. लपून बसलंय." आणि पुन्हा केस मुठीत...

तेव्हा आई उठली. सभेत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. पाळक समोर आले की पदर डोक्यावर आणि नजर खाली. ती बायांमधून वाट काढत पुढे आली, त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "येशूच्या नावानं सांगते, सोड हिला."

त्यांचंच वाक्य, आणि त्यांना थेट अरे-तुरे! ओरडली नाही. पाण्याची घागर उचलून ठेव म्हणावं, तशा आवाजात म्हणाली. गाणं थांबलं... आणि तो हात माझ्या डोक्यावरून निघाला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. बाबांचं काम गेलं, खोली गेली. आईला पाळकांनी शेवटपर्यंत त्या मंडळीत प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला बसू दिलं नाही. बाहेरच्यांचं सोडा, बाबाच तिला म्हणायचे, "तुज्या तोंडापायी आमी रस्त्यावर आलो."

पुढच्या उन्हाळ्यात प्रभूनं पाळकांना दानीएलसाठी दुसरं कोणीतरी दाखवलं. सुली. माझ्याच वयाची, आईबाप पटकीत गेलेली, पाळकांच्याच घरी भांडी घासत वाढलेली. ती नाही म्हणाली नाही... कोणाला म्हणणार होती? लग्नात तीच मंडळी तीच गाणी गायली.

काही वर्षांनी हिंगोलीच्या बाजारात ती मला दिसली. एक डोळा काळानिळा झालेला. मी नुसतं "सुले" म्हणाले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पडले गं." मी काही विचारलंही नव्हतं.

आईसाठी मी रोज देवाचे आभार मानते. अधिकार कशाला म्हणतात, ते मी तिच्याकडून शिकले. पण सुलीच्या वेळी तेवढ्या भरलेल्या प्रार्थनाघरात एकही माणूस उठलं नाही... प्रार्थना तिथवर आली की अडते. आमेन म्हणवत नाही.