मुकं पार्सल

पार्सल मुकं असावं, असं आमच्या बाबांचं मत होतं. खोका बंद केला की ते तो उजव्या कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि नारळ वाजवून बघतात तसा हलवायचे. आत जरा जरी खुट्ट झालं, तरी चिकटपट्टी फाडून सगळं पहिल्यापासून. "नारळ बोलला पाहिजे, पार्सल बोलता कामा नये," असं ते म्हणायचे. त्यावर आई स्वयंपाकघरातून, "आणि पार्सल बांधणाऱ्यानंही जरा कमीच बोलावं," असं म्हणायची.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारकेला सोसायटीत राहायला आलो. मेट्रोचे खांब तेव्हा नुकते उभे राहत होते. नव्या घरात बाबांना करण्यासारखं काहीच नव्हतं. दुपारपर्यंत दाढी न करता बाल्कनीत बसून असायचे. त्यांना तसं बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते, म्हणून मी त्यांच्यावर उगाच खेकसायचे.

त्यांच्याजवळ होती ती किल्लीची पत्र्याची खेळणी. ढोल वाजवणारं माकड, लाल बस, दाणे टिपणारी कोंबडी. जुन्या दिल्लीच्या रविवारच्या बाजारातून वर्षानुवर्षं वेचून आणलेली, स्वतः तेलपाणी करून चालती केलेली. बाजारात सेलवरची प्लास्टिकची खेळणी आली, ही बनायची बंद झाली आणि मग जो तो या पत्र्याच्या खेळण्यांसाठी हळहळायला लागला. मी गुडगावला ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी. मीच बाबांना ती इंटरनेटवर विकायचं सुचवलं. कुठून कुठून घेणारे निघाले आणि बाबा पुन्हा कामावर रुजू झाले. सकाळीच दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि जेवणाच्या टेबलाचं ऑफिस.

खेळण्याला ते आधी एकदा किल्ली द्यायचे आणि त्याचा आवाज कान देऊन ऐकायचे. तो त्यांचा निरोप. मग रंगाला शाई लागू नये म्हणून कोरा पातळ कागद, त्यावर जुन्या धोतराचं मऊ फडकं. किल्ली काढून कापसात गुंडाळून काडेपेटीत. मग छोटा खोका, त्याभोवती चुरगाळलेली वर्तमानपत्रं, मग मोठा खोका. आणि शेवटी कान.

तरी एक दिवस तक्रार आली. माकडाची किल्ली आतल्या आत सुटून त्याच्या गालाचा रंग खरवडला गेला होता. मी रस्त्यातल्या आदळआपटीवर खापर फोडलं. पण पुढे बसचंही तेच झालं. जन्मभर ज्यांची फाईल कधी शेरा मारून परत आली नाही, ते बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. कोंबडीचं पार्सल बांधून झाल्यावर म्हणाले, "ही शेवटची. हिला काही झालं तर हे सगळं बंद. लोकांच्या चांगल्या वस्तूंची नासाडी करायला मी नाही बसलेलो." मला पुन्हा ती बाल्कनी दिसायला लागली.

ते पार्सल दुसऱ्या दिवशी जायचं होतं. गणपती तोंडावर आले होते, म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही दोघं सेक्टरच्या मार्केटमध्ये नारळ घ्यायला गेलो. बाबांनी एक नारळ कानाशी धरून हलवला. "सूखा है." दुसरा. "ये भी सूखा." तिसराही त्यांनी बाजूला ठेवला.

नारळवाला वैतागला. "अंकल जी, सब पानीवाले हैं, ठीक से सुनिए तो!"

मी त्याच्याशी भांडायच्या तयारीनं, बाबांनी नाकारलेला एक नारळ उचलून कानाशी नेला. आत पाणी चांगलं खळखळत होतं. दुसरा उचलला. तोही तसाच.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना जेवायला तीनदा हाका माराव्या लागायच्या, टीव्ही शेजाऱ्यांपर्यंत पोचायचा. "सोयीचं तेवढं ऐकू येतं यांना," म्हणून आई आणि मी हसायचो. तिथे गर्दीत उभी असताना मला त्या हसण्याचं फार वाईट वाटलं.

"पाणी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा. सगळ्यांत आहे."

त्यांनी एक नारळ पिशवीत टाकला. घरी आल्या आल्या कोंबडीचा खोका माझ्या हातात दिला. मी हलवला. आत काहीतरी टकटकत होतं.

"बोलतंय," मी म्हटलं.

त्यांनी चिकटपट्टी फाडली. काडेपेटी उघडून किल्ली बाहेर आली होती. ती घेऊन त्यांनी कोंबडीला दिली, तिला टेबलावर सोडलं आणि पाठीवर तळवा ठेवून तिची थरथर बघत राहिले.

"कशी ओरडते गं आता?"

एवढी मोठी ऑफिसला जाणारी बाई मी, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कोंबडीसारखी "कट् कट् कटाक्" ओरडले. एकदा, मग आणखी मोठ्यानं. आई पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच थांबली. बाबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

या वेळी त्यांनी काडेपेटीला दोरा बांधला. पुन्हा कोरा कागद, फडकं, खोक्यात खोका. सवयीनं खोका उजव्या कानाकडे गेला, मध्येच थांबला आणि माझ्या कानाशी आला. त्यांनी हळूच हलवला.

"बोलतंय?"

"अजिबात नाही!" मी ओरडून सांगितलं.

"मग उद्या ते डमरूवालं अस्वल काढतो," ते म्हणाले. "तू कान घेऊन ऑफिसातून जरा लवकर ये."