डोंगर भाजला, राब राहिला

गोडाऊनचं शटर वर केलं की हल्ली दुपारी जळक्या गवताचा वास आत येतो आणि मला तो उन्हाळा आठवतो. पहाटेसुद्धा अंगाची लाही व्हायची. भाताच्या रोपांसाठी काकांनी राब रचून ठेवला होता. शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर. तो भाजायचा तर वारा पडायला हवा, आणि वारा काही पडेना. अखेर एका सकाळी पान हलत नव्हतं म्हणून काकांनी काडी लावली, तर थोड्याच वेळात वारा उठला. ठिणगी बांधापलीकडच्या गवतात पडली आणि आग सरसर डोंगर चढली. करंजाच्या ओल्या डहाळ्या तोडून अख्खं गाव दिवसभर ती झोडपत राहिलं. आग विझली तेव्हा सगळे बांधावरच आडवे झाले. काकी कळशी घेऊन आली. काळा डोंगर बघितला, मग शेत. "डोंगर भाजलात तुमी, राब अर्धा तसाच हाय." काका आडवे पडूनच म्हणाले, "आता हात उचलवत न्हाय गं." त्याच शेतावर आज हे गोडाऊन आहे. वास आला की मी अजूनही आधी वारा कुठला ते बघतो, मग डहाळी तोडायला झाड शोधतो. झाड कुठंच दिसत नाही.