मौन सगळ्यांना, माईक सोडून

सत्याचा शोध मौनात सुरू होतो. आमच्या कॉलेजात तो मौनातच संपायचा, आणि त्यानंतर चहा-बिस्किटं असायची.

छावणीजवळचं हे छोटं कॅथलिक कॉलेज. फक्त कला शाखा. प्रवेशाच्या वेळी प्राचार्य फादर म्हणाले होते की इथं नोकरीचं नव्हे, संपूर्ण माणूस घडवणारं शिक्षण मिळतं. नोकरी मिळणार नाही, ही गोष्ट इतक्या भारदस्त शब्दांत मला त्याआधी कोणी सांगितली नव्हती.

वर्षातून एकदा, ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ लागण्याआधी, कॉलेजात मौनदिन असायचा. ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांना सक्तीचा. सकाळी फाटकाशी मोबाइल जमा करायचे आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. सभागृहात बसून चिंतन करायचं. कशाचं, ते प्राचार्य मधूनमधून माईकवर सांगत. मौन सगळ्यांना होतं, माईकला नव्हतं.

पहिल्या वर्षी मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. चिकलठाण्याला आमच्या घरासमोर पत्रे कापायचं वर्कशॉप आहे. दिवसभर कुणी ओरडत नाही, ही मला चैन वाटली.

तत्त्वज्ञान घेणारे आम्ही सात जण होतो. त्यातले पाच ब्रदर, म्हणजे पुढे फादर होणारी मुलं. धर्मशास्त्राआधी त्यांना तत्त्वज्ञान शिकावंच लागतं. उरलेल्या दोघी म्हणजे मी आणि कन्नड तालुक्यातून आलेली माझी मैत्रीण. ब्रदर मंडळी सर सांगतील ते उतरवून घेत. ही मात्र हात वर न करता विचारायची, "व्हय, पण कशावरून?"

सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतेच कॉलेजचे. ते खूश व्हायचे. "बाई, या 'कशावरून'वर माणसांनी अख्खी आयुष्यं काढली. तू पण काढ. मी तोवर चहा पिऊन येतो."

तिला खरंच काढायचं होतं. तिसऱ्या वर्षी तत्त्वज्ञान मुख्य विषय घ्यायचा, पुढे एमए करायचं, असं तिचं ठरलेलं होतं. घरच्यांनी तिला एकाच अटीवर पाठवलं होतं: सिस्टरांच्या होस्टेलवर राहील. तिथली जागा गेली की ती कन्नडला परत, आणि कन्नडला एक स्थळ तयारच होतं. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिच्याविषयी त्याचं काहीही मत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या मौनदिनी, दुपारच्या जेवणानंतर, सगळं सभागृह पेंगत असताना प्राचार्य माईकशी आले. म्हणाले, "प्रभूने आपल्या ब्रदरांसाठी नवी वाट उघडली आहे." वाट नागपूरला जात होती. जूनपासून ब्रदरांचं शिक्षण तिथल्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत होणार होतं. "त्यामुळे तिसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञानाचा वर्ग असणार नाही. उरलेले विद्यार्थी आनंदाने दुसरा विषय निवडतील. आता आपण या बदलावर मौनात चिंतन करू या."

उरलेले विद्यार्थी म्हणजे आम्ही दोघी. दोन वर्षं आम्ही समजत होतो की वर्ग आमचाही आहे. तो ब्रदरांचा होता. आम्ही चालत्या गाडीला लटकलेल्या होतो, आणि गाडीनं वळण घेतल्याचं आम्हाला अशा दिवशी सांगितलं गेलं, ज्या दिवशी विचारायला बंदी होती. हा योगायोग होता असं मी बरेच दिवस मानायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

ती उठून उभी राहिली.

"फादर, मंग आम्ही दोघींनी कुठं जायचं?"

सभागृह टक्क जागं झालं. प्राचार्यांनी ओठांवर बोट ठेवलं, चेहऱ्यावर स्मित तसंच. होस्टेलच्या सिस्टर लगबगीनं येऊन तिचा दंड धरून कुजबुजल्या, "बेटा, आज मौन आहे ना?" मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ए कन्नड डेपो, बस की खाली!" आणि हशा पिकला. हसणं मौनात बसत होतं.

"मौन हाय, ठाव हाय मला," ती म्हणाली. "पण आमचा विषय बंद करून राहिले तुम्ही, आन् आम्ही बोलायचं बी नाय?"

मग मी उभी राहिले. "फादर, आधी माईक बंद करा. मग आम्हीही गप्प बसतो."

माईक बंद झाला नाही. त्यावरून स्तोत्र सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला वाटलं, आता बोलता येईल. शिस्त समिती बसली होती. त्या समितीनं दोन दुपारी खल केला. भंग पहिल्या प्रश्नाला झाला की दुसऱ्या, मी उभी राहिले ते साथ म्हणून की चिथावणी म्हणून, सगळ्याचा कीस काढला. तत्त्वज्ञान का बंद केलं, यावर एक अक्षर नाही. तो ठराव होता. अपराध म्हणजे आम्ही.

सर आमच्या बाजूनं बोलायला आत गेले आणि लगेच बाहेर आले. "मला म्हणाले, तुमचे तास मार्चपर्यंतच आहेत," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांनाही वर्ग बंद होत असल्याचं माईकवरूनच कळलं होतं.

मग आम्हाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या मागे भिंतीवर मेंढरू खांद्यावर घेतलेल्या ख्रिस्ताचं चित्र होतं. हरवलेल्या एकासाठी नव्याण्णवांना सोडून जाणारा तो मेंढपाळ. प्राचार्य त्या चित्राकडे पाठ करून बसत, त्यामुळे त्यांना ते दिसत नसावं.

"तू हुशार आहेस," ते तिला म्हणाले. "पण तत्त्वज्ञान शिकून कन्नडला काय करणार?"

"हे तुम्ही ब्रदर लोकांना इचारलं का, फादर?"

"त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बोलावणं आलेलं आहे."

"बोलावणं मला बी आलंय. घरून. लगीन लावाया."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्या हसण्याचा राग मला आजही येतो, आणि तो कमी करायची माझी इच्छा नाही. समोर बसलेली मुलगी आपलं अख्खं आयुष्य एका वाक्यात सांगत होती, आणि संपूर्ण माणूस घडवणारा माणूस हसत होता.

निकाल लागला. मी शहरातली, घरून येणारी. मला समज देऊन सोडलं. तिला काढलं नाही. कॉलेज दयाळू होतं. फक्त पुढच्या वर्षी होस्टेलवर जागा देता येणार नाही, असं सिस्टरांनी कळवलं. शिस्तीचा प्रश्न होता आणि, त्या म्हणाल्या, जागेचीही फार टंचाई होती. बाहेर मुली रांगेत होत्या.

मी सिस्टरांशी भांडले. "तिला घरी पाठवलं तर काय होईल, माहीत आहे ना तुम्हाला?"

"आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करू," त्या म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, हे जास्त वाईट होतं.

मे महिन्यात तिचं लग्न झालं. जेवण चांगलं होतं. माझी ओळख करून दिल्याबरोबर नवरदेवानं मला फोनला स्क्रीनगार्ड लावून घ्यायचा सल्ला दिला. हार घालून उभी असलेली ती माझ्या कानाशी म्हणाली, "सगळे म्हणतेत पोरगा चांगला हाय. कशावरून, ते नाय सांगत कोणी." तिनं पुढे बीए बाहेरून केलं, राज्यशास्त्र घेऊन. मी समाजशास्त्र घेतलं आणि त्याच कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. पदवीदान समारंभात प्राचार्य संवादाच्या महत्त्वावर बोलले.

गेल्या डिसेंबरात एका नातलग मुलीची चौकशी करायला मी त्या होस्टेलवर गेले. सिस्टर बदलल्या होत्या, नियम तेच होते. नव्या सिस्टरांनी मला सगळ्या खोल्या दाखवल्या. मैत्रिणीच्या खोलीत तिची खाट तशीच होती. तिची जागा गेली त्या जूननंतर ती खाट कुणालाच दिलेली नाही, असं सिस्टर सहज बोलून गेल्या. खाटेवर नाताळच्या देखाव्यातल्या प्लॅस्टरच्या मूर्ती ठेवतात. उंट मावत नाही, म्हणून तो खाली.