आठवीतली चूं-चूं

आठवीत असताना गणपतीच्या आधीचे दोन महिने मी रोज शाळेतून आल्यावर उंदीर रंगवायचे. हमरापूरला आमचा मूर्तींचा कारखाना. डोळ्यांची आखणी काका करायचे, बाबा पितांबर रंगवायचे आणि उंदरांचे कान माझ्याकडे. तो गुलाबी रंग कितीही घासला तरी नखांत राहायचाच.

त्या वर्षी पेणच्या आमच्या शाळेत रोह्याहून एक मुलगी नवीन आली. तिचे वडील धाटावची कंपनी सोडून इकडे आलेले. तिनं माझी नखं बघितली, कारण विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकताच मागच्या बाकावरून बारीक आवाज काढला, "चूं." अख्खा वर्ग हसला. मग हजेरीला चूं, डबा उघडला की चूं, फळ्यापाशी गेले की चूं. पहिला आठवडा मीही हसले. दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन रडले.

काकी म्हणाली, "तू चिडतेस म्हणून ती चिडवते गो. गप बसू नको, बोल तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला बाई फळ्याकडे वळल्या आणि मागून चूं आलं. मी मान वळवून हळूच म्हणाले, "काल चाळीस उंदीर रंगवले. तुझ्याइतका बारीक आवाज एकाचापण नाय."

तिला हसू फुटलं. ते दाबायला गेली आणि उचकी लागली. उचकी निघाली तीही हुबेहूब चूं अशी. पाठोपाठ दुसरी. तिचे डोळे हे एवढे झाले. मी वहीत तोंड खुपसलं, पण काही उपयोग झाला नाही. बाईंनी दोघींना वर्गाबाहेर काढलं.

बाहेर तर आणखीच पंचाईत. तिला उचकी यायची आणि मी भिंतीला धरून खाली बसायचे. पोट दुखायला लागल्यावर कुठे आम्ही थांबलो. मग मी सांगून टाकलं, "मला ते चूं आवडत नाय. मी घरी रडले त्याच्यापायी."

"मला इथं कोणी ओळखत नव्हतं," ती म्हणाली. "चूं केलं की सगळे माझ्याकडे बघायचे. चुकलं माझं. परत नाही करणार." आणि जराशानं, "मला एक उंदीर रंगवायला देशील?"

रविवारी ती आली. कान तिनं झकास रंगवले. मग कोणाला न विचारता डोळेही काढले. एक डोळा मोदकाकडे, दुसरा थेट हायवेकडे. काकांनी तो उंदीर हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला.

"हुशार हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "खाताना गाड्यांवर पण लक्ष ठेवतोय."

नेमका तेव्हाच तिनं चहाचा घोट घेतला होता. तो नाकातून थेट माझ्या फ्रॉकवर आला. काकीनं दोघींच्या हातातले कप काढून घेतले आणि म्हणाली, "आधी हसून घ्या गो, चहा नंतर देते."